डाव्या पायाखालचं पेडल

गाणं चालू असताना सिंथेसायझरवर आवाज बदलायचा आणि कुणाला खटका ऐकू येऊ द्यायचा नाही, ही एक कला आहे. आणि ती आपल्या भागात एकाच माणसाला अवगत आहे, असं मी ताईला छाती ठोकून सांगितलं होतं!

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दवाखान्यात केसपेपर लिहिते आणि गाते. गाते म्हणजे खरोखर गाते. पण अकरा वर्षांत आमच्या इथल्या सभागृहातल्या शनिवारच्या कार्यक्रमात तिला दोनदाच संधी मिळाली, तीही दुसऱ्या कुणाचा घसा बसला म्हणून. आता तिथल्या मॅनेजरांना दर शनिवारसाठी कायमची गायिका हवी होती. चाचणी एकाच गाण्याची, भरलेल्या सभागृहात. चाचणी ठरल्यापासून ताई गरम पाण्यावर होती आणि गाणं सोडलं तर घरात खुणांनीच बोलत होती.

"छोट्या," तालमीच्या पहिल्या दिवशी ती तोंड उघडून म्हणाली (मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे), "मागच्यासारखं करू नकोस हं. तू बटण दाबलंस की मध्येच वीज गेल्यासारखं होतं. मी आपली लोंबकळत राहते!"

"अगं, ते दिवस गेले! आता दोन पेडल आणलीत. उजवं दाबून धरलं की जुना आवाज रेंगाळतो. डावं दाबलं की पुढचा येतो. मग उजवं हळूच सोडायचं. कुणाला पत्ता लागणार नाही!"

"आणि कडवी?"

हे तिचं जुनं दुखणं. घाबरली की ती तिसरं कडवं आधी म्हणते. त्यावर तोडगाही मीच काढला होता. गाणं घर सोडून गेलेल्या मुलाचं. पियानो वाजला की पहिलं कडवं, मुलगा जातो. बासरी आली की दुसरं, त्याचं पत्र येतं. व्हायोलिन आलं की तिसरं, मुलगा परत येतो.

"तू फक्त माझ्याकडे कान ठेव," मी म्हणालो. "डोकं चालवूच नकोस!"

हो, असं मी म्हणालो होतो.

आमच्या घरी नऊ दिवस तालीम झाली आणि एकदाही चूक झाली नाही. त्याचं कारण मला नंतर कळलं. खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहतात. वर जरा पाय वाजला की त्या काठीने छत ठोकतात. म्हणून घरात मी पाय आवरून बसतो. एरवी मला रंग चढला की डावा पाय आपसूक ठेका धरतो! आणखी एक. मशीनमध्ये आवाजांच्या आठ जागा होत्या. मी तीन भरल्या. उरलेल्या पाचांत काय आहे ते बघायला कोण बसतंय?

चाचणीच्या शनिवारी संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. मॅनेजर पहिल्या रांगेत. मी पियानोवर सुरुवात केली आणि ताईने असा काही स्वर लावला की मला रंग चढला.

मुलगा उंबरठ्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच बासरी वाजली. ताईने डोळे मोठे केले, पण ठरलं होतं ना! पत्र आलं. पत्र फोडायच्या आत व्हायोलिन. मुलगा परत आला!

"फारच लवकर आला," मागून कुणीतरी म्हणालं.

मी हातांकडे बघतोय, हात जागेवर आहेत. मशीन बिघडलं! घाबरून मी उजवा पाय गच्च दाबला आणि डावा आपला ठेका सोडेना. चौथ्या जागेत कुत्रा होता. भुंकला. पाचवीत टेलिफोन. उजवं पेडल दाबलेलं, त्यामुळे कुत्राही थांबेना आणि टेलिफोनही. खटका मात्र औषधालाही नव्हता!

मॅनेजर ताडकन उठले. "मोबाइल बंद ठेवायला सांगितलं होतं ना? कुणाचा वाजतोय?"

तिसऱ्या रांगेतल्या एका सज्जन माणसाने घाबरून खिशातला फोन काढला. झालं! सगळ्यांनी त्यालाच धरलं. "अहो, माझा बंद आहे!" तो ओरडतोय. "आणि कुत्रा कुणी आणलाय?" मॅनेजर त्याच्यावरच खेकसले. त्यातून आगगाडी निघून गेली, मागोमाग पाऊस आला, आणि आठव्या जागेतून निघाला टाळ्यांचा कडकडाट.

ताई बिचारी! तिला वाटलं, गाणं संपलं. तिने वाकून नमस्कार केला. लोकांनीही खऱ्या टाळ्या वाजवल्या, काही जण तर उठायला लागले. मॅनेजरांनी वहीत काहीतरी खोडलं. ते पाहून मी मान खाली घातली आणि पेडलवरचा डावा पाय दिसला. अकरा वर्षं मी एका पायाने तुडवली होती!

मी वाकून वायर खेचली.

एकदम शांतता. ताई माझ्याकडे बघत उभी. कुठल्या कडव्याची खूण देतोस, असं विचारणारे डोळे.

"गा!" मी पुटपुटलो.

"कुठलं?"

"पहिलं! तुझं तूच गा!"

तिने डोळे मिटले. मुलगा सावकाश गेला. पत्र आलं, ते तिने पुरतं वाचलं. मग मुलगा परत आला, आणि दारातच उभा राहिला. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तिसऱ्या रांगेतला तो सज्जन रुमाल शोधत होता. मला स्वतःला समोरचं काही दिसेना.

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजर वर आले. "बाई, पुढच्या शनिवारपासून या. शेवटी गायलात तसंच, साथीशिवाय."

ताईने माझा हात घट्ट धरला. मला राहवलं नाही. "साहेब, ते मशीन मीच बंद केलं बरं का!"

"उत्तम केलंत."

"मग मी येऊ का शनिवारी?"

मॅनेजरांनी त्या मशीनकडे पाहिलं. ताईने लहानपणापासून माझी बाजू घेतली आहे, आताही लगेच घेतली.

"येऊ द्या ना हो त्याला," ती म्हणाली. "पाय बांधून बसवीन मी."