कानस जरा जास्तच चालली

व्हर्लिन स्कारने जेवणाच्या टेबलावर आर्डिसचे दोन चांगले टॉवेल अंथरले, त्यावर कार्बाइन बंदूक आडवी ठेवली आणि हातोडी उचलली. आर्डिस ओट्यापाशी पावाचं पीठ मळत होती. नवऱ्याच्या हातात हातोडी दिसली की आपण परसात जावं, हा तिचा लग्नापासूनचा शिरस्ता. आज पीठ अर्धवट होतं म्हणून ती थांबली, आणि तिथेच चुकली.

कार्बाइन व्हर्लिनच्या वडिलांची. चापाखालची कडी खाली ओढून वर केली की गोळी चढते, त्या जातीची. नळीच्या टोकाशी एक खुंटी आणि मागे एका छोट्या पट्टीत कोरलेली खाच; खाचेत खुंटी बसवायची, खुंटीवर हरीण बसवायचं आणि चाप ओढायचा. एवढ्यावर स्कारांच्या दोन पिढ्यांनी माँटॅनाचे डोंगर पालथे घातले होते. पण गेल्या दोन मोसमांत व्हर्लिनला खाच पुसट दिसायला लागली. खाचेकडे निरखून बघावं तर हरीण गायब, हरणाकडे बघावं तर खाच गायब. दुसरा कुणी असता तर निमूट डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला असता. व्हर्लिनने निदान केलं की खाच झिजली.

"लोखंड आहे, झिजणारच," तो म्हणाला.

"आणि डोळे झिजत नाहीत वाटतं?" आर्डिस म्हणाली.

हे त्याला ऐकू आलं नाही. स्वतःच्या कानांबद्दलही त्याचं मत चांगलंच होतं.

त्याने मागवलेला इलाज म्हणजे मधोमध भोक असलेली एक छोटी चकती. ती डोळ्याच्या जवळ, बंदुकीच्या पाठीवर बसवायची, भोकातून बघायचं, खुंटी हरणावर टेकवायची, झालं. चकती खरोखरच चांगली होती. फक्त ती बसवायला दोनच दिवस हातात होते, कारण रविवारी ताटली होती.

ताटलीचं असं, की शिकारीचा मोसम उघडायच्या आधीच्या रविवारी डोंगरात आठवडाभर शिकारीचा तळ टाकणारी सगळी मंडळी गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीत जमायची. शंभर यार्डांवर कागदाची ताटली लावायची आणि प्रत्येकाने तीन गोळ्या मारायच्या. बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. तिन्ही ताटलीत गेल्या तर तुम्ही डोंगरात बंदूक घेऊन जाणार. नाही गेल्या, तर आचारी म्हणून जाणार: अंधारात उठून चूल पेटवायची, सगळ्यांचे पॅनकेक भाजायचे, गोठलेल्या ओढ्यावर भांडी घासायची आणि वर आठवडाभर टोमणे खायचे. बरीच वर्षं हा मान लोवेल अमंडसनकडे होता. लोवेलच्या रश्श्यात बुडवून आपण बुटांचे तळ मऊ करतो, हे व्हर्लिन दरवर्षी शेकोटीपाशी सांगायचा आणि दरवर्षी सगळे हसायचे. अशा माणसाला ताटली चुकवून चालणार नव्हतं. तळावर टोमणे मारण्याचा हक्क बंदूकवाल्यांचा, आणि तो गेला तर व्हर्लिनकडे बोलायला काही उरणारच नव्हतं.

तर आधी जुनी खाच पट्टीसकट काढायची. ती डावीकडून ठोकून उजवीकडे काढतात, हे व्हर्लिनने निदान डझनभर लोकांना शिकवलं असेल. त्या दिवशी बंदूक टेबलावर उलट्या बाजूने ठेवलेली आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तो ठोकत गेला, खाच घट्ट होत गेली. मग त्याला राग आला आणि त्याने एक सणसणीत ठेवून दिली.

"माझ्या पिठात काय पडलं?" आर्डिसने विचारलं.

"खाच."

"ही अर्धीच आहे."

"मग उरलेली असेल कुठेतरी."

म्हणजे माघारीचा रस्ता बंद. व्हर्लिनने चकती स्क्रूने आवळली आणि शनिवारी सकाळी एकटाच खाणीत गेला. गवताच्या गठ्ठ्यावर बंदूक टेकवून त्याने भोकातून पाहिलं आणि त्याला भरून आलं. खुंटी स्वच्छ, ताटली स्वच्छ. दोन वर्षांत त्याला एवढं छान दिसलं नव्हतं. त्याने तीन गोळ्या मारल्या आणि बघायला गेला. तिन्ही अगदी शेजारीशेजारी, बशीत मावतील अशा. पण ताटलीच्या वीतभर वर, पुठ्ठ्यात.

नवी चकती जुन्या खाचेपेक्षा उंच, म्हणून गोळी वर जाणार, हे उघड होतं. यावर उपाय पुढची खुंटी उंच करण्याचा. पुढची खुंटी नेहमी उलटी वागते: ती उंच केली की गोळी खाली येते. हेही व्हर्लिन शेकोटीपाशी सांगायचा. पण शेकोटीपाशी माणूस निवांत असतो. इथे डोक्यात लोवेलचा ॲप्रन फडफडत होता. गोळी वर जातेय ना, मग खुंटी खाली करा, असा सरळ हिशेब करून त्याने खिशातली कानस काढली.

पुढच्या तीन गोळ्या दोन विती वर गेल्या. व्हर्लिनने ठरवलं की आपण कानस हात राखून चालवली. त्याने आणखी घासली. आता गोळ्या पुठ्ठा सोडून मागच्या दरडीत शिरल्या, आणि खुंटीच्या जागी एक मसुराएवढं टेंगूळ उरलं. तेव्हा कुठे त्याला स्वतःचंच शेकोटीवरचं व्याख्यान आठवलं. तो गठ्ठ्यावर बसला आणि त्याने कानस उलटीपालटी करून पाहिली. खुंटी घासून कमी करता येते. वाढवायची सोय त्या कानशीत नव्हती.

पण स्कार हार मानत नाहीत. घरी येऊन त्याने आर्डिसची लाल नेलपॉलिश टेंगळाला लावली, म्हणजे निदान दिसेल. मग पुन्हा खाणीत. गोळी वर जाते तर नेम खाली धरायचा. धरता धरता त्याला सापडलं की ताटलीच्या बऱ्याच खाली, दरडीच्या पायथ्याला, रंगाचा एक पिवळा डबा पडला होता. त्यावर नेम धरला की गोळी बरोबर ताटलीत. तिन्ही गोळ्या. पुन्हा तिन्ही. संध्याकाळी तो शीळ घालत घरी आला आणि आर्डिसला म्हणाला, की ही सुधारणा एकंदरीत यशस्वी झाली.

रविवारी सगळे जमले. मंडळींतला वडीलधारा गेलर्ड ट्वेट खुर्ची टाकून बसला. नियम त्याच्या वडिलांनी घातलेले, आणि त्यांत सवलत देण्याचा त्याला अधिकार नव्हता, असं तो म्हणायचा. पहिला लोवेल. व्हर्लिन पुढे होऊन म्हणाला, "लोवेल, ॲप्रन आणलास ना?" लोवेलने बंदूक भरली. त्याने उन्हाळ्यात मोतीबिंदू काढून घेतला होता, आणि तेही कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने शांतपणे तीन गोळ्या मारल्या, तिन्ही ताटलीत. मग तोच आनंदाने नवी ताटली लावायला गेला.

लोवेल स्वभावाने नीटनेटका. इतकी वर्षं तळ आवरायची सवय लागलेली. ताटली लावून झाल्यावर त्याने आसपासची फाटके पुठ्ठे गोळा केले, बाटल्या गोळा केल्या, आणि पिवळा डबाही.

व्हर्लिनने गठ्ठ्यावर बंदूक टेकवली, भोकातून पाहिलं, डोळा चोळून पुन्हा पाहिलं. खाली नुसती खडी. करडी, एकसारखी.

"इथे एक डबा होता," तो म्हणाला.

"घाण होती, उचलली," लोवेल म्हणाला. "तुला डबा कशाला हवा? ताटली तर दिसतेय."

व्हर्लिनने अंदाजाने तीन गोळ्या मारल्या. तिन्ही एकमेकींना चिकटून गेल्या, इतक्या सुरेख की ट्वेट दुर्बिणीतून बघून वाहवा म्हणाला. पण त्या ताटलीच्या काठाबाहेर दोन बोटं होत्या. बाकीच्या सगळ्यांनी ताटली मारली. लोवेलने गाडीतून ॲप्रन आणला आणि घडी न मोडता व्हर्लिनच्या हातात दिला.

घरी आल्यावर त्याने बंदूक कोपऱ्यात ठेवली आणि जाहीर केलं की आपण या वर्षी डोंगरात जाणार नाही. लोवेलला पॅनकेक वाढण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. मग बायकोचा पडलेला चेहरा बघून तो जरा मऊ झाला.

"तसंही दरवर्षी तुला एकटीला टाकून जातो मी," तो म्हणाला. "या वेळी आठवडाभर तुझ्याजवळच."

आर्डिस खुर्चीवर बसली. "आठवडाभर?"

"अख्खा आठवडा."

ती उठली. तिने बिडाचा तवा खाली काढला, व्हर्लिनच्या हातातला ॲप्रन घेऊन त्याच्या कमरेला बांधला आणि त्याला चुलीसमोर उभं केलं. ज्या बाईने लग्नापासून नवऱ्याला चुलीपाशी फिरकू दिलं नव्हतं, तिने त्याला संध्याकाळपर्यंत पॅनकेक, बीन्स आणि हरणाचा रस्सा शिकवला. त्याने पहिले चार पॅनकेक जाळले, ती रागावली नाही. मीठ दोनदा पडलं, ती म्हणाली, थंडीत चालतं. आपल्या अब्रूसाठी बायको एवढी झटतेय हे बघून व्हर्लिनने जायचं कबूल केलं.

निघायच्या दिवशी पिठाचं पोतं, तवे, लोकरीचे मोजे, सगळं तिनेच पिकअपमध्ये भरलं. इंजिनही तिनेच आधी गरम करून ठेवलं. व्हर्लिन फाटकातून बाहेर पडतोय तोच समोरून मेव्हणी मर्नाची गाडी आली आणि तिच्यामागे आणखी दोन गाड्या. मर्नाच्या मागच्या सीटवर पत्त्यांचं टेबल होतं, आणि गुडघ्यांवर केक.

"अरे, निघालास ना पण?" मर्नाने काच खाली करून विचारलं. "तुझा नेम चुकला कळलं तेव्हा आम्ही हादरलोच. म्हटलं, या वर्षी आमचा आठवडा बुडाला."

"तुमचा कुठला आठवडा?"

"दरवर्षीचा," मर्ना म्हणाली. "जा बाबा, उशीर करू नकोस. रस्त्यात कुठे थांबू नकोस."

व्हर्लिनने वळून पाहिलं. आर्डिस ओसरीत उभी राहून हात हलवत होती, दरवर्षी हलवायची तसाच. लवकर ये, असं ती म्हणते, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आज त्याने नीट पाहिलं. हात बाहेरच्या बाजूला चालला होता, अंगणातल्या कोंबड्या हाकलतात तसा.