एकमेव प्रत आणि इतर चार

सकाळी साडेसातला औषधवाल्यांच्या घरातलं वॉशिंग मशीन चालू लागायचं. चालू लागायचं म्हणजे अगदी शब्दशः. कपडे पिळायची वेळ आली की ते थडथडत बाथरूममधून निघायचं आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचं. त्याला आवरायचा एकच उपाय होता. औषधवाल्यांची बायको त्यावर बसून पेपर वाचायची. गेली दोन वर्षं तिने अग्रलेख असा हिंदकळत वाचला होता, आणि तरी देशाच्या कारभाराबद्दल तिची मतं बऱ्यापैकी स्थिर होती.

“अहो, नवीन मशीन कधी?” ती वरूनच विचारायची.

“पुढच्या महिन्यात. रेकॉर्ड विकली की लगेच.”

औषधवाल्यांचं नाक्यावर औषधांचं दुकान होतं आणि घरात जुन्या रेकॉर्ड्सचं कपाट. रेकॉर्ड्स तीनशे दहा, आणि त्या वाजवायला प्लेयर मात्र एकही नाही. “सुई टेकली की किंमत उतरली,” असं त्यांचं म्हणणं. “फोडलेलं औषधाचं पाकीट कुणी परत घेतं का?” बायको त्या कपाटाला ‘मुके गवई’ म्हणायची.

रेकॉर्ड्सना दर्जा लावायची त्यांची एक पद्धत होती. नवीकोरी, जवळजवळ नवीकोरी, बरी, आणि सगळ्यांत खाली ‘नुसती वाजणारी’. ही खोड हळूहळू घरभर पसरली होती. सकाळचा चहा जवळजवळ नवाकोरा असायचा, दुपारचा बरा. बायकोच्या धाकट्या भावाबद्दल त्यांचं मत होतं, “कव्हर उत्तम, आत ओरखडे.” हे त्या भावालाही ठाऊक होतं, पण माणूस मोठ्या मनाचा.

या संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे ‘मधुकंठ’. चाळीस वर्षांपूर्वी कुणा हौशी गायकाने या टोपणनावाने पदरचे पैसे घालून एक रेकॉर्ड काढली आणि तो कुठेतरी गडप झाला. कव्हरवर दाट केसांचा, रुंद कॉलरचा कोट घातलेला तरुण हनुवटीला हात लावून बसला होता. जुन्या बाजारातल्या रेकॉर्डवाल्याने ती औषधवाल्यांना एका गठ्ठ्यात जवळजवळ फुकट दिली होती. पुढे संग्राहकांच्या फोनवरच्या गटात कुणीतरी म्हणालं, ही प्रत जगात एकच असणार. बाकीच्यांनी होकाराचे अंगठे उमटवले आणि ते सिद्ध झालं. मग एका बाहेरगावच्या बड्या संग्राहकाचा फोन आला. तो देणार होता त्या पैशात नवं मशीन आलं असतं, तेही पुढून दार उघडणारं.

“फक्त एक अट,” तो म्हणाला होता. “दुसरी प्रत निघता कामा नये. निघाली तर आपला सौदा नाही.”

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो यायचा होता. त्याआधी तीन आठवडे, एका मंगळवारी रेकॉर्डवाल्याचा फोन आला.

“तुमच्याकडे आहे ना ती मधुकंठ? तसलीच अजून एक आलीय. नवीकोरी. उद्या गटात फोटो टाकतो.”

औषधवाल्यांना रविवारचा सौदा आठवला. पण आपण घाबरलोय हे कळलं तर हा भाव चढवणार, म्हणून ते जांभई देत म्हणाले, “अरे वा. टाका की.” आणि फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी मेहुण्याला गाठलं.

“आत्ता जा आणि ती रेकॉर्ड घेऊन ये. माझं नाव काढायचं नाही.”

“पण भाऊजी, तुमच्याकडे आहे ना ती?”

“आहे म्हणूनच दुसरी नको.”

“नको आहे म्हणून विकत आणायची?”

“तुला नाही कळायचं. आत ओरखडे आहेत.”

मेहुण्याने स्कूटर नको तिथे लावली होती आणि ती उचलणारी गाडी समोरच्या वळणावर आली होती. त्यामुळे तो दुकानात शिरला, सांगतील तेवढे पैसे दिले आणि रेकॉर्ड छातीशी धरून धूम पळाला. औषधवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाव मशीन गेलं होतं, पण उरलेलं वाचलं होतं.

शुक्रवारी तिसरी प्रत आली. आदल्या गिऱ्हाइकाने भावच केला नाही म्हटल्यावर रेकॉर्डवाल्याने किंमत वाढवली होती, यात त्याची काय चूक? आता परत मेहुण्याला पाठवणं बरं दिसलं नसतं. औषधवाल्यांनी थोरल्या बहिणीला, ताईला, गळ घातली. ताईला धुळीचं वावडं. त्या दुकानात तर धूळच जास्त आणि माल कमी. कव्हर हातात घेताच तिच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि भाव करायला तोंड उघडलं की शिंक यायची. शेवटी तिने खुणेनेच पैसे दिले.

पुढच्या बुधवारी पुन्हा फोन आला तेव्हा औषधवाले दुकानात होते. पलीकडच्या गल्लीतले म्हातारे टेलरमास्तर नेहमीप्रमाणे गुडघ्याचं मलम न्यायला आले होते. “अजून एक आली,” हे ऐकून औषधवाल्यांनी मास्तरांच्या हातात खोकल्याची बाटली ठेवली.

“अहो, माझ्या गुडघ्याला अजून खोकला नाही झालेला,” मास्तरांनी ती शांतपणे परत केली.

या खेपेला दुकानातल्या मदतनीस बाईंना पाठवलं. बाई वीस वर्षं औषधं विकत होत्या. रेकॉर्डवाला म्हणाला, “याहून नावाजलेल्या गायकाची देतो, निम्म्या किमतीत.” त्यावर बाईंनी ठणकावलं, “लिहून दिलंय तेच पाहिजे. त्याच्या जागी दुसरं चालणार नाही.” आणि मागेल ती किंमत मोजून आल्या.

पाचव्या प्रतीच्या वेळी मात्र माणसंच संपली. औषधवाले स्वतः गेले. रेकॉर्डवाल्याने ओळखू नये म्हणून टोपी कपाळावर ओढली, दुकानातला मास्क डोळ्यांपर्यंत चढवला आणि आवाजावरून पकडले जाऊ म्हणून नुसतं बोट दाखवलं. किंमत ऐकून बोट थरथरलं, पण खाली आलं नाही.

हे प्रकरण घरी कळलं ते ताईमुळे. शिंकतच आली आणि म्हणाली, “तुझ्या त्या रेकॉर्डने माझं नाक अजून गळतंय रे.”

“कुठली रेकॉर्ड, ताई?” बायकोने विचारलं.

पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. औषधांच्या खोक्यांमागून चार मधुकंठ निघाले, एकसारखी हनुवटी एकसारख्या हातावर टेकवून. बायकोने मनातल्या मनात हिशेब केला.

“म्हणजे एक मशीन घ्यायला तुम्ही दीड मशीन घालवलंत?”

“घालवलं नाही. ते संरक्षण होतं.”

“कुणाचं?”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती मशीनवर जाऊन बसली, आणि त्या वेळी मशीन चालूही नव्हतं. औषधवाल्यांना मनापासून वाईट वाटलं. आता सगळी भिस्त रविवारच्या सौद्यावर होती.

शनिवारी मदतनीस बाईंची सुट्टी असायची, म्हणून बायको गल्ल्यावर बसली होती. संध्याकाळी टेलरमास्तर आले. आज काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि चेहरा उजळलेला.

“मलम ना?” औषधवाल्यांनी विचारलं.

“आज मलम नको. घशासाठी काहीतरी चांगलं द्या. रियाज सुरू केलाय.”

“गाता तुम्ही?” बायकोने विचारलं.

“गात होतो.” मास्तर लाजले. “तरुणपणी रेकॉर्डही काढली होती. वडिलांना कळू नये म्हणून नाव बदलून. मधुकंठ.”

औषधवाल्यांच्या हातातली बाटली काउंटरवर आडवी झाली. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. केस गेले होते, दात अर्धे गेले होते, पण हनुवटी तीच होती.

“तीनशे काढल्या. साठेक खपल्या, त्याही ओळखीपाळखीत. बाकीच्या दुकानात पडून. माझं कापडाचं टेबल शिलाई मशीनच्या दणक्याने हलायचं, तर त्याच्या चारही पायांखाली माझी एकेक रेकॉर्ड सरकवली. चाळीस वर्षं टेबल जागचं हललं नाही. म्हटलं, चला, तेवढा तरी उपयोग.”

हे शेवटचं वाक्य बायकोने नीट ऐकून ठेवलं.

“मग गेल्या महिन्यात सहज एक रेकॉर्डवाल्याकडे नेऊन दिली,” मास्तर पुढे सरकले, “आणि काय सांगू, त्याच दिवशी खपली. तो म्हणाला, एकेकच आणा, एकदम आणल्या तर भाव राहत नाही. गिऱ्हाइकं कशी आली, ऐका. पहिले गृहस्थ. भाव केला नाही. रेकॉर्ड छातीशी धरली आणि कुणी हिसकावून घेईल अशा भीतीने पळत सुटले.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बाटलीवरची मुदत वाचत होता.

“दुसऱ्या एक बाई. माझा फोटो पाहिला आणि डोळ्यांना धारा. शब्द फुटेना. तिसऱ्या बाई म्हणाल्या, हाच गायक पाहिजे, याच्या जागी दुसरा चालणार नाही. आणि चौथे गृहस्थ तर तोंड झाकून आले. नुसतं बोट दाखवलं, तेही थरथरत होतं. रेकॉर्डवाला म्हणाला, मास्तर, आयुष्य गेलं या धंद्यात, असा भक्त पाहिला नाही.”

मास्तरांचेही डोळे भरून आले होते. “चाळीस वर्षं वाटत होतं, आपण उगीच गायलो. कुणीच ऐकलं नाही. आणि इथे माणसं रडतायत.”

औषधवाले सरळ मनाचे. मुदत संपलेली गोळी त्यांनी कधी विकली नव्हती. त्यांना राहवेना. “मास्तर, तुम्हाला एक सांगायचं होतं...”

काउंटरखाली बायकोचा पाय त्यांच्या पायावर पडला. “त्यांना म्हणायचंय, गार पाणी पिऊ नका,” ती म्हणाली. “आणि अजून किती आहेत हो तुमच्याकडे?”

“दोनशे छत्तीस.” मास्तरांनी कागद सोडला. “नाही, पस्तीस. ही तुम्हाला भेट. इतकी वर्षं माझे गुडघे सांभाळलेत.” त्यांनी खिशातलं पेन काढून कव्हरवर सही केली आणि जाताना विचारलं, “ऐकून सांगाल ना, कशी वाटली?”

सहा प्रतींचे मालक झालेले औषधवाले मान हलवून हो म्हणाले. यातली एकही त्यांनी ऐकलेली नव्हती.

दुकान बंद करून त्यांनी बाहेरगावी फोन लावला. “साहेब, दुसरी प्रत निघाली.”

“अरेरे. एकच ना?”

“दोनशे चाळीस धरा.”

तो संग्राहक खचल्या आवाजात म्हणाला, “मग तिला काय अर्थ राहिला? ती आता नुसती ऐकायची रेकॉर्ड झाली.”

रविवारी सकाळी औषधवाले उठले तेव्हा घरात काहीतरी चुकल्यासारखी शांतता होती. बाथरूममध्ये मशीन कपडे पिळत होतं आणि जागेवर उभं होतं. चार पायांखाली चार मधुकंठ. बायको खुर्चीत बसून पेपर वाचत होती. दोन वर्षांनी अक्षरं जागच्या जागी दिसत होती, त्याचं तिला जरा नवल वाटत होतं.

“नवीकोऱ्या होत्या गं त्या,” औषधवाले पुटपुटले.

“कव्हरं काढून ठेवलीत. आणि रेकॉर्डचा हा उपयोग गायकानेच शिकवलाय मला.”

तिने भावाला सांगून त्याच्या माळ्यावरचा जुना प्लेयर मागवला होता, आणि तो घेऊन भाऊही आला होता. सही केलेली रेकॉर्ड तिने स्वतः लावली. औषधवाल्यांनी सुई टेकताना डोळे मिटून घेतले. आधी खरखर आली, मग मास्तरांचा आवाज. आवाज काही फार मोठा नव्हता. दुसऱ्या कडव्यात एकदा दमही कमी पडला. पण मनापासून गात होता बिचारा, आणि एका जागी तर असा वर गेला की मेहुण्याचीही चुळबूळ थांबली.

“दर्जा सांगा,” बायको म्हणाली.

“नुसती वाजणारी,” औषधवाले म्हणाले, आणि त्यांनी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.

तेवढ्यात रेकॉर्डवाल्याचा फोन आला.

“ऐका, मास्तर सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दुकानात बसलेत. गिऱ्हाईक कसं येतं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. तुमच्याकडचं कुणी यायचं असेल तर लवकर पाठवा. आज भाव काही लावत नाही, चहाचे पैसे द्या. आणि यावेळी तोंड बांधून येऊ नका म्हणावं. मागच्या वेळीच हसू आवरताना माझी पुरेवाट झाली.”

औषधवाल्यांचे कान लाल झाले. त्यांनी फोन ठेवून बायकोला सगळं सांगितलं. “आता कोण जाणार? मास्तर आपल्या दोघांना ओळखतात. बाईंना रोज बघतात. ताईचं नाक अजून गळतंय. तुझा भाऊ गेला तर पुन्हा पळत सुटेल.”

बायकोने पेपराची घडी घातली.

“माझी बहीण जाईल,” ती म्हणाली. “मात्र निघायच्या आधी तिला इथे बसवून हे गाणं ऐकवा. तिला रडायला धूळ लागत नाही.”