बाबांचं शेत आणि माझी मालकी

शिक्षण संपवून नोएडाला परतताना माझी अपेक्षा साधी होती. माझ्या खोलीत, माझ्या कपाटात, माझ्या व्हिडिओ गेमच्या डिस्क माझी वाट पाहत असतील. प्रत्यक्षात त्या चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, करोल बागेतून आणलेल्या सोनेरी दोऱ्याला फाशी गेल्या होत्या. कपाटात लोणच्याच्या बरण्या होत्या.

"एक कबूतर फिरकत नाही आता," आई अभिमानाने म्हणाली. "समोरच्या मिसेस खुराणांनीसुद्धा दोन मागितल्यात."

(एडिनबरोत मी मालकी हाच विषय शिकले. 'डिजिटल जगातली मालकी' या माझ्या निबंधाला विद्यापीठाचं पदक मिळालं आहे. मोठं, चकचकीत, निळ्या फितीचं. आपलं माहितीसाठी सांगितलं.)

"आई, डिस्क म्हणजे मालकी! डाउनलोड केलेला गेम कंपनी उद्या काढूनही घेईल. हातात असतं तेच आपलं!"

"हातात कुठेयत? बाल्कनीत आहेत," माझा धाकटा भाऊ विक्रांत लॅपटॉपमागून म्हणाला. "यार ताई, सगळं हार्ड ड्राइव्हवरून चालतं आता. डिस्कला कोण विचारतं?"

झालं. मी एकेक डिस्क सोडवली, धुतली, पुसली आणि बरण्या हटवून कपाटात लावली. "यापुढे या घरात एकही डिस्क टांगली जाणार नाही!" मी जाहीर केलं. आईने बरण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लोणचं जास्त उपयोगाचं, असा काहीसा तो भाव होता.

फाशीतून एकच डिस्क वाचली होती. शेतीच्या गेमची. ती टीव्हीला जोडलेल्या गेमच्या मशीनमध्येच होती, कारण तो गेम बाबा खेळत.

बाबांनी सगळी नोकरी दिल्लीच्या मंत्रालयात शेतीच्या फायली पुढे सरकवण्यात घालवली. स्वतःची जमीन म्हणाल तर तुळशीच्या कुंडीतली. पण निवृत्तीनंतर टीव्हीवर त्यांचा ऊस होता, म्हशी होत्या, लाल ट्रॅक्टर होता. आणि त्या संध्याकाळी हे शेत बघायला दीनानाथकाका येणार होते. काका बाबांच्याच सेक्शनमधले, पण त्यांची सासवडला खरीखुरी डाळिंबाची बाग. दर वर्षी पेटी आणायचे आणि वर ऐकवायचे, "सूर्यकांत, तुझ्या फायलींना कधी फळ धरलं का रे?" आज उत्तर द्यायचं म्हणून बाबांनी कापणी थांबवून पीक उभं ठेवलं होतं.

दुपारी बाबा झोपले, विक्रांत जिमला गेला, आणि मी मशीनच्या हार्ड ड्राइव्हमध्ये डोकावले. तिथेही तो शेतीचा गेम! अख्खा! मालक घरात बसलेला असताना हा भाडेकरू कशाला? मी डिलीट दाबलं. (दाबताना परदेशी कापडाची होळी केल्यासारखं वाटलं.) मग मशीनमधल्या डिस्कवरून गेम ताठ मानेने सुरू केला.

पडद्यावर अक्षरं आली: 'डिस्कवरून हार्ड ड्राइव्हवर कॉपी होत आहे.'

मी डिस्क काढली, फुंकली, परत घातली. पुन्हा तेच. विक्रांत घाम पुसत आला आणि जमिनीवरच बसला.

"ताई, हल्ली डिस्कवरून गेम चालत नाही. डिस्क आत माल उतरवते आणि मग नुसती बसून राहते."

"आणि बाबांचं शेत?"

"शेत सेव्ह आहे. पण ते नव्या व्हर्जनमधलं. तुझ्या डिस्कवर जुनं. अपडेट उतरल्याशिवाय उघडणार नाही. आणि सोसायटीचं नेट बघता... सकाळ उजाडेल."

बेल वाजली. काका. हातात डाळिंबाची पेटी.

"कुठाय बागायतदार? दाखव तुझा ऊस!"

बाबांनी टीव्ही लावला. काळ्या पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे जात होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डाळिंबांकडे पाहिलं.

"हे शेत?" काका म्हणाले.

"मंजुरीला गेलंय," बाबा शांतपणे म्हणाले.

"अच्छा! म्हणजे शेवटी फाईलच!" काका इतके हसले की आईला पाणी आणावं लागलं. बाबा डाळिंब सोलत बसले. मला वाईट वाटलं. पण तत्त्व ते तत्त्व.

सकाळी शेत उगवलं. म्हशीसकट. बाबा ट्रॅक्टरवर बसले तेव्हा कुठे मी धीर करून जवळ गेले.

"बाबा, सॉरी. पण डिस्क काढून बघा ना एकदा."

त्यांनी काढली. गेम थांबला. 'कृपया डिस्क घाला.'

"बघा!" मी उसळले. "माझ्या डिस्कशिवाय पान हलत नाही!"

"हं," बाबा म्हणाले. "काम सगळं हार्ड ड्राइव्हने करायचं आणि सहीला तुझी डिस्क. आमचे जॉइंट सेक्रेटरी असेच होते."

तेवढ्यात बाल्कनीतून आईची किंकाळी आली. एका रात्रीत बातमी पसरली होती. वाळत घातलेल्या कपड्यांवर कबुतरांची सभा भरली होती, आणि माझ्या एडिनबरोच्या स्वेटरवर तिचा सविस्तर वृत्तांत होता.

"टांग त्या डिस्क परत!" आई म्हणाली.

"कदापि नाही!"

"मग दुसरं काहीतरी चमकणारं टांग. आत्ताच्या आत्ता!"

तिथल्या तिथे मी निर्णय घेतला. घरात तेवढंच चमकणारं दुसरं एकच काहीतरी होतं, आणि त्याला फीतही आयतीच होती. मी मालकीवरच्या निबंधाचं पदक आणलं आणि स्वतःच्या हाताने बाल्कनीत टांगलं. डिस्क वाचल्या. तत्त्व वाचलं.

पदक उन्हात लखलखलं. एक कबूतर आलं, मान वाकडी करून त्यावरची अक्षरं वाचल्यासारखं थांबलं, आणि निवांतपणे त्याच्याच शेजारी बसलं.

आईने सुस्कारा सोडला. "डिस्कला तरी भ्यायची गं ती."