थंडगार कार्डाचा खून

"मी, या शहरातला एकमेव चष्मेवाला गुप्तहेर, ज्याच्या नजरेतून धुळीचा कण सुटत नाही, ज्याने नुसत्या चष्म्याच्या काडीवरून माणसाचा स्वभाव, पगार आणि सासुरवाडी ओळखलेली आहे, आणि ज्याच्या तावडीतून आजवर एकही गुन्हेगार निसटलेला नाही, तो मी, थंडगार कार्डाच्या खुनाची हकिकत जगापुढे ठेवत आहे."

एवढं आमच्या ह्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. पुढचंही तेच सांगणार होते, पण दुकानात गिऱ्हाईक आलं आणि ते जिना उतरून गेले. तेव्हा उरलेलं मीच लिहिते. माझ्या लिहिण्यात विशेषणं कमी पडतील, ती वाचणाऱ्यांनी आपापल्या मनाने घालून घ्यावीत.

खाली चष्म्याचं दुकान, वर आमचं बिऱ्हाड. ह्यांना गुप्तहेरगिरीचा नाद लागला तो एका गिऱ्हाइकाचा हरवलेला चष्मा ह्यांनी शोधून दिला तेव्हापासून. तो चष्मा ह्यांच्याच नाकावर होता, हा तपशील ते सांगताना गाळतात. दुकानात भिंगांना तोटा नाही, त्यामुळे धंद्याला लागणारी हत्यारं आयतीच मिळाली.

मी ह्यांची मदतनीस. मदतनीस म्हणून माझ्यात एक मोठा गुण आहे असं ह्यांचं मत आहे. मी रोज सकाळी आंघोळ झाल्यापासून ताटं वाढेपर्यंत मौन पाळते. बोलत नाही, लिहूनही काही सांगत नाही. मौन सुटलं की पहिला शब्द देवाचा, मग संसाराचे. बरीच वर्षं हा नेम चालू आहे. त्यामुळे ह्यांचे सगळे महत्त्वाचे तपास सकाळीच होतात. त्या वेळी घरात तर्काला कुणी आडवं येत नाही, असं ते म्हणतात.

तर प्रकरण असं. माझ्या नणंदबाई आमच्याकडेच राहतात. अजून बांधलीच नाहीत अशी घरं त्या कॉम्प्युटरमध्ये उभी करतात. पडद्यावर त्या घरात शिरता येतं, खोल्यांतून हिंडता येतं, खिडकीतून डोकावता येतं. घर त्यांनी उभं करायचं आणि खाली नाव ऑफिसातल्या साहेबांचं लागायचं, अशी त्यांची नोकरी. ती सोडून स्वतःचं काम सुरू करायचं त्यांच्या फार दिवसांपासून मनात आहे. आमच्या जिन्याच्या पलीकडे एक खोली रिकामी झाली होती, दोन खिडक्यांची, भरपूर उजेडाची. ती घ्यायची, दारावर आपल्या नावाची पाटी लावायची, एवढंच त्यांचं स्वप्न. त्यासाठी थोडे पैसे बाजूला टाकले होते.

आणि नेमकं त्याच सुमाराला त्यांच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड रडायला लागलं. म्हणजे पडद्यावरची चित्रं हलवणारा जो भाग असतो, तो. नवीन होतं तेव्हा बाजारात त्याच्या वरचं कार्ड नव्हतं. त्याचा दबदबा एवढा, की बसवायला आलेल्या माणसाने आधी हात धुऊन घेतले होते. आता कार्डांच्या जगात ते आजोबाच. अलीकडे पडद्यावर घराच्या दारातून आत पाऊल टाकलं की दुसरं पाऊल पडेपर्यंत माणसाने चहा पिऊन यावं. बाजूला टाकलेल्या पैशांत एकच गोष्ट होणार होती, नवं कार्ड नाहीतर खोली. आणि खोलीच्या घरमालकीणबाईंनी निरोप धाडला होता, की आज जेवणाच्या आत काय ते सांगा, गल्लीतले शिंपीकाका खोलीसाठी टपून बसलेत.

म्हणून सकाळी सकाळी नणंदबाईंनी भावाला साधा प्रश्न विचारला, "दादा, तुला काय वाटतं, हे कार्ड अजून चालेल का? का बदलूच?"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, दुसरा चष्मा घातला आणि म्हणाले, "कुणीही कशालाही हात लावू नका."

कॉम्प्युटरच्या खोक्याभोवती त्यांनी खडूने रेघ आखली. चष्मे गळ्यात अडकवायच्या दोऱ्या दुकानातून आणून दाराला आडव्या बांधल्या. मला बॅटरी धरून उभं केलं. मग खोक्याची बाजू उघडून आत हात घातला. यंत्र सुरू होतं, पडद्यावर अर्धवट घर दिसत होतं, आणि आत कार्डाचे तिन्ही पंखे गप्प उभे होते. ह्यांनी कार्डाला दोन बोटं लावली, डोळे मिटले.

"थंडगार आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "देहात ऊब नाही. मृत्यू होऊन बराच वेळ झालेला आहे."

नणंदबाई म्हणाल्या, की काम करताना ते तापायला हवं, थंड कसं. ह्यांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. जवळच्या माणसांना पहिल्या धक्क्यात असे प्रश्न पडतात, असं समजावलं आणि नातेवाइकांनी बाहेर थांबावं म्हणून विनंती केली. नणंदबाई घरमालकीणबाईंकडून थोडी सवलत मिळते का ते बघायला गेल्या.

पहिला तर्क विषप्रयोगाचा निघाला. विष म्हणजे धूळ. ती ह्यांनी चष्मा पुसायच्या फडक्यात गोळा करून भिंगाखाली धरली. तिच्यात लोकरीचा निळा धागा सापडला. निळी लोकर वापरणारा इसम या घरात वावरतो, एवढं सिद्ध झालं. ह्यांच्या अंगात निळा स्वेटर होता. मी त्याच्याकडे बघितलं. ह्यांनीही खाली बघितलं आणि म्हणाले, "बरोबर, थंडी आहे, चहा टाक."

चहा होईपर्यंत संशय शिंपीकाकांवर गेला होता. हा तर्क मात्र मला थोडा आवडला. खोली शिंपीकाकांना हवी. नणंदबाईंचे पैसे कार्डात गेले तर खोली त्यांना मिळणार. म्हणजे कार्ड मारण्यात फायदा कुणाचा? शिंपीकाका तेव्हा पलीकडच्या खोलीत पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेत होते. हे तिथे चौकशीला गेले. परत आले ते जरा खट्टू होऊन. काकांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं देता देता ह्यांच्या कमरेचं मापही घेतलं होतं, आणि आकडा ऐकून पुढचा प्रश्न ह्यांच्या डोक्यातून गेला.

मग ह्यांनी कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला. दुकानदार बिचारा शांत माणूस. नवं कार्ड बाजूला काढून ठेवलंय, म्हणाला, पण घाई करू नका. आधी एक सांगा, मॉनिटरची वायर कार्डालाच लावलीय ना?

"प्रश्न मी विचारतो," हे म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले. "बघितलंस? घाई करू नका म्हणतो. घाई न करणारा दुकानदार तू कधी पाहिला आहेस? पाणी मुरतंय."

मी मात्र त्या वायरीपाशीच अडकले. बॅटरी खोक्याच्या पाठीमागे वळवली. तिथे एकसारखी दिसणारी दोन भोकं आहेत, एक वर, कार्डाशी संबंध नसलेलं, कॉम्प्युटरचं स्वतःचं, आणि एक खाली कार्डाच्या पट्टीवर. खालच्या भोकाभोवती वायरीच्या डोक्याएवढी जागा स्वच्छ होती, बाकी सगळीकडे धूळ. आणि वायर होती वरच्या भोकात. म्हणजे एवढे दिवस वायर खाली राहिली होती आणि कुणीतरी ती काढून वर लावली होती. कुणी, तेही मला आठवलं. काही दिवसांपूर्वी ह्यांनी ठसे शोधायचा सराव म्हणून माझी पावडर घेऊन याच खोक्याच्या पाठीला लावली होती, वायरी उपटून. तेव्हाही सकाळच होती आणि बॅटरी मीच धरली होती. दोन्ही भोकं सारखीच दिसतात, तेव्हा कुठलंही चालत असेल, असं ह्यांना वाटलं आणि मलाही वाटलं.

मी वायरीकडे हात नेला.

"पुरावा," हे ओरडले, आणि मी हात मागे घेतला.

मग मी खुणा केल्या. आधी वायरीकडे बोट दाखवलं. मग हात वरून खाली आणला, वरून खाली, सावकाश, दोनदोनदा. ह्यांचा चेहरा उजळला. "वरून खाली. गच्चीवरून पाइप धरून उतरला. अगं, हे मला आधी का नाही सुचलं?" मी मान हलवली आणि शेवटचा उपाय म्हणून सरळ ह्यांच्याकडे बोट दाखवलं. ते बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी दाराला आतून कडी घातली.

"समजलो," ते म्हणाले. "पुढचा बळी मी."

कडी काढायला लावली ती नणंदबाईंनी. त्या दोऱ्यांपलीकडे उभ्या होत्या, डोळे भरलेले. घरमालकीणबाई जेवणापुढे थांबायला तयार नव्हत्या. मी त्यांनाही तीच खूण करून बघितली. वायर, वरून खाली, खालून वर. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"वरच्या देवावर सोडून दे म्हणतेस ना वहिनी? सोडलंच आता. खोली जाऊ दे शिंपीकाकांना. कार्ड घेते, म्हणजे निदान नोकरी तरी टिकेल."

एवढं बोलून त्या दुकानदाराचा नंबर शोधायला लागल्या. पलीकडून शिंपीकाकांच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. त्यांना पडद्यांचा रंग ठरवायचा होता.

माझं मौन मोडायचं तर नव्हतं. नेम एकदा मोडला की तो पुन्हा जोडता येतो, पण जोड दिसत राहतो. मी देवापुढे जाऊन उभी राहिले. आणि मला एकदम आठवलं, मी नेम धरला तो ताटं वाढेपर्यंतचा. घड्याळाचं नावच त्यात नव्हतं. देवाला यातली चलाखी दिसली असणारच, पण तो काही बोलला नाही. त्याचंही सकाळचं मौन असावं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्या शेगड्या पेटवल्या.

इकडे ह्यांचा तपास कळसाला पोचला होता. खोक्याच्या पाठीवर पावडर फुंकून त्यांनी एक ठसा मिळवला होता, आणि त्याचं वाचन मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. अंगठा रुंद. मधोमध जुनी चीर, बहुधा काच कापताना पडलेली. माणूस साधा नाही. डोळा तीक्ष्ण, हात कसबी, बुद्धी तर विलक्षण. "खरं सांगू का," हे बहिणीला म्हणाले, "असा माणूस समोर आला तर पकडण्याआधी मी त्याला नमस्कार करीन."

नाश्त्याच्या वेळेला मी ताटं वाढली. जे शिजलं होतं ते वाढलं, जे शिजायचं होतं त्याची जागा रिकामी ठेवली. घरमालकीणबाई उत्तर घ्यायला आल्याच होत्या, त्यांच्या हातात ताट दिलं. पाठोपाठ मापपट्टी गळ्यात घालून शिंपीकाका आले, त्यांनाही दिलं. कुणालाच काही कळेना. ह्यांनी ताटाकडे बघून मान डोलावली. भूक ही तपासाची शत्रू आहे, हिला ते समजतं, असं पाहुण्यांना सांगितलं.

मी हात जोडले आणि देवाचं नाव घेतलं. मग म्हणाले, "अहो, ती वायर खालच्या भोकात होती. ठसे घ्यायला तुम्ही काढलीत आणि वर लावलीत. दुकानदार तेच विचारत होता."

नणंदबाईंनी आधी खोक्याकडे बघितलं, मग दादाच्या हाताकडे. ह्यांच्या उजव्या अंगठ्यावर पांढरी पावडर होती आणि त्या पावडरीत मधोमध चीर स्पष्ट उठून दिसत होती, काच कापताना पडलेली.

त्या दोऱ्या ओलांडून आत गेल्या, खडूच्या रेघेवर पाय देऊन. वायर वरून काढली, खाली लावली. पडद्यावरचं घर क्षणभर काळं झालं आणि परत आलं. त्यांनी दारातून आत पाऊल टाकलं, आणि दुसरं, आणि तिसरं, खोल्यांमागून खोल्या पाण्यासारख्या सरकत गेल्या. थोड्या वेळाने खोक्यातून घरघर ऐकू आली. आजोबांचे पंखे फिरायला लागले होते.

"मेलं नव्हतं रे दादा," त्या म्हणाल्या. हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "इतके दिवस त्याला कुणी काम सांगितलंच नव्हतं."

कार्ड कधीतरी बदलावं लागेल, असं त्याच म्हणाल्या. पण आज नाही. मग हात न पुसताच घरमालकीणबाईंना सांगितलं, की खोली मी घेते. बाईंनी ताटातलं संपवून होकार दिला. शिंपीकाका जरा हिरमुसले, पण माप घेतलेलं वाया जायला नको म्हणून पडदे तेच शिवून देणार आहेत. नणंदबाईंच्या नावाची पाटी येत्या आठवड्यात लागेल.

हे बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे भिंगातून बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "गुन्हेगार विलक्षण बुद्धीचा आहे, हे मी आधीच सांगितलं होतं." ते खरंच होतं. सांगितलं होतं.

संध्याकाळी त्यांनी मला ही हकिकत लिहायला बसवलं, तेव्हा मी विचारलं, की पहिल्या परिच्छेदातलं ते तावडीतून कुणी न निसटल्याचं वाक्य ठेवायचं ना. त्यांनी विचार केला आणि ठेव म्हणाले. मलाही ते खोडावंसं वाटलं नाही. गुन्हेगार अजून त्यांच्याच तावडीत आहे, आणि आत्ता खालून हाक मारून विचारतो आहे, की जेवायला किती वेळ आहे.