फुटपाथवर चार टेबलं आणि एक हरकत

“एक हरकत आली आहे,” परवाना विभागातली बाई म्हणाली आणि चहात बिस्कीट बुडवू लागली.

खानावळीचा मालक काउंटर धरून उभा राहिला. त्याच्या खानावळीत आत चारच टेबलं. पाचवं घालायचं तर भिंतीला मागे सरकायला सांगावं लागलं असतं. समोरच्या बेकरीने फुटपाथवर छत्र्या लावून टेबलं मांडल्यापासून त्याची अर्धी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली होती. आपलीही चार टेबलं बाहेर लागली नाहीत तर उन्हाळा संपायच्या आत शटर खाली येणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. म्हणून त्याने अर्ज केला, नकाशा काढून दिला, दारावर पालिकेची नोटीस डकवली. फुटपाथ लोकांच्या मालकीचा असतो, असं पालिका सांगते. लोकांनी त्यावर बसायचं ठरवलं की मग तो पालिकेच्या मालकीचा होतो.

“हरकत कोणाची?”

“नाव सुनावणीतच कळतं. शुक्रवारी.”

“बाई, निदान माणूस कुठला एवढं तरी सांगा!”

“त्या इमारतीत राहणारा किंवा काम करणाराच हरकत घेऊ शकतो. बाहेरचा नाही.” बिस्कीट तुटून चहात पडलं. “त्याने मागे घेतली तर लगेच परवाना. जा, समजूत काढा. पुढचे कोण?”

मालक तडक खानावळीच्या स्वयंपाकघरात शिरला. बायको कांदा चिरत होती. तिच्या पाठीमागे तिन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या.

“अगं, गळा कापला आपला! इमारतीतल्याच कोणीतरी हरकत घेतलीय. हरामखोर!”

“काही अडचण असेल बिचाऱ्याची.”

“अडचण कसली, जळफळाट! पण मीही कच्चा नाही. एकेकाला जेवू घालून विरघळवतो. उद्यापासून दोन कोंबड्या जास्त भाज.”

“कोण भाजणार?”

“म्हणजे काय? तूच.” पाणी कुठून येतं असं तिने विचारल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो बाहेर गेला.

पहिला संशय शेजारच्या किल्लीवाल्यावर. त्याचं आणि मालकाचं सांडपाण्यावरून वाजलेलं होतं. त्याला मानाने बसवलं, अख्खी तंगडी वाढली. किल्लीवाल्याने हाड पांढरं होईपर्यंत चोखलं आणि मग विचारलं, “काम काय काढलंत?”

“फुटपाथच्या टेबलांना तुमची काही हरकत?”

“माझी? छे! मला कुठे वेळ आहे?” तो हात पुसत उठला. “पण हरकत घेतली की कोंबडी मिळते, हे आधी सांगायचं होतं ना राव!”

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीने चघळली. दुसऱ्या दिवशी चष्मेवाला आपणहून आला आणि खुर्ची ओढून बसला.

“माझं अजून काही ठरलेलं नाही,” तो चेहरा लांब करून म्हणाला. “तुमच्या छत्र्यांनी माझी पाटी झाकली जाईल. मनाला लागतं हो ते. काल तंगडी होती म्हणे?”

मग वरच्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत उतरल्या.

“मला आवाजाचा त्रास होणार.”

“आजी, तुम्हाला ऐकू कुठे येतं?”

“काय?”

“ऐकू कुठे येतं म्हटलं!”

“थोडंसं उरलंय ते, तेही घालवशील मेल्या! मला दात नाहीत, तंगडी नको. सूप आण. आणि केक असला तर बघ.”

मालकाने खरा गुन्हेगार ओळखायला हवा होता. पण ज्याच्या त्याच्या डोळ्यांत आता गुन्हाच दिसू लागला होता. जो भेटेल तो सुस्कारा टाकून फुटपाथकडे बघे. जिन्याखालच्या खोलीतला भाडेकरू तर आपल्या पाहुण्यांना घेऊन आला, म्हणाला, “यांचीही हरकत असू शकते, हे बरेच दिवस राहणार आहेत.” चारही टेबलं फुकट्यांनी अडली. पैसे देऊन जेवणारी माणसं दारातून आत डोकावत आणि रस्ता ओलांडून बेकरीत जात. आत मालक “सूप, अजून एक सूप!” असं ओरडत होता आणि मोरीत भांड्यांचा ढीग नळापर्यंत पोचला होता.

गुरुवारी रात्री तो बायकोला म्हणाला, “दमलो बुवा. सगळ्यांना खाऊ घातलं, पण कोणी कबूल होत नाही.”

बायको पाय पाण्यात सोडून बसली होती. “सगळ्यांना?” तिने विचारलं.

“एकही जण सुटला नाही!”

तिने पाय पुसले. हा लगेच घोरू लागला.

शुक्रवारी पालिकेच्या सभागृहात अख्खी इमारत हजर. सुनावणीनंतर जेवण असेल, असा सगळ्यांचा समज होता. बायकोही शेवटच्या रांगेत येऊन बसली. साहेबांनी चष्मा पुसला.

“हरकत घेणाऱ्यांनी पुढे यावं.”

किल्लीवाल्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं, चष्मेवाल्याने आजींकडे. आजी म्हणाल्या, “काय?” तेवढ्यात शेवटच्या रांगेतली खुर्ची वाजली.

“अगं, बस खाली,” मालक मान वळवून पुटपुटला. “तुला नाही बोलावलं.”

“मलाच बोलावलंय.”

ती पुढे गेली. मालकाचं तोंड उघडं राहिलं आणि सुनावणी संपेपर्यंत तसंच राहिलं.

“बाई, आपण शेजारी का?” साहेबांनी विचारलं.

“बायको. पण तिथे काम करणाऱ्याला हरकत घेता येते ना? मी काम करते. शिजवते, वाढते, भांडी घासते. चार टेबलांत माझे गुडघे गेले. आता आठ होणार. नकाशात साहेब, छत्र्या आहेत, कुंड्या आहेत. मी कुठे आहे ते दाखवा.”

साहेबांनी खरोखरच नकाशा उलटसुलट करून पाहिला.

“पण हे घरात बोलायचं की, बाई!”

“चार वेळा बोलले. चारही वेळा हे ‘बरं, बरं’ म्हणाले आणि छत्रीचा रंग कोणता घेऊ ते विचारलं. इथे एकदा बोलले, तर तुम्ही तारीख दिलीत, पाणी दिलंत, बसायला खुर्ची दिलीत.”

पालिकेची आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी स्तुती केली होती. साहेब इतके हेलावले, की परवाना देताना अट त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली: बाहेरच्या टेबलांचं वाढणं, उचलणं आणि भांडी अर्जदाराने स्वतः करावीत, हरकत घेणारीची पुन्हा तक्रार आल्यास परवाना रद्द.

टेबलं लागली. पहिल्याच संध्याकाळी चारही भरली आणि यावेळी सगळे पैसे देऊन जेवत होते. मालक ताटं घेऊन आत-बाहेर धावत होता. शर्ट पाठीला चिकटला होता, अंगठा सुपात बुडत होता. इतक्यात बायको हात पुसत बाहेर आली आणि नुकत्याच रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसली. पाय तिने समोरच्या खुर्चीवर ठेवले.

“अगं, इथे काय बसलीस? गिऱ्हाइकं ताटकळलीत!”

तिने सावकाश डोळे वर केले. “काही म्हणालात?”

मालकाने खांद्यावरचा फडका काढला, तिच्यासमोरचं टेबल पुसलं आणि कमरेत वाकून विचारलं,

“काय आणू?”