माना कि भैयालाल…

समीकरण दिलं की पद्मजा ते भुईमुगाच्या शेंगेसारखं फोडून टाकायची. पण तेच समीकरण शब्दांचे कपडे घालून समोर आलं, की पेनाचं टोपण चावत बसायची. नववीच्या गणितात तिला सप्लिमेंट्री, म्हणजे फेरपरीक्षा, आली ती याच पायी. आईबाप दोघंही नोकरीवर जाणारे. त्यामुळे सुट्टीत तिला पास होण्याजोगी करायची जबाबदारी आजोबांनी, म्हणजे नारायणरावांनी, आपणहून अंगावर घेतली. नारायणरावांची सारी नोकरी कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासण्यात गेली होती. जगात मापात न बसणारं काही नसतं, माप घेणारा तेवढा पाहिजे, असं ते रिटायर झाल्यावरही सांगत.

“तुले नेमकं काय समजून नाही राहिलं?” त्यांनी विचारलं.

“आजोबा, ये मोहन कौन है?” पद्मजा म्हणाली. घरात मराठी, शाळेत हिंदी, त्यामुळे तिच्या तोंडात दोन्हींची खिचडी शिजायची. “मागच्या चॅप्टरमध्ये टंकी भरत होता, आता दूध में पानी मिला रहा है. असा काहून करते तो?”

नारायणरावांना एकदम उजेड पडला. खरंच, पोरीनं मोहनला पाहिलंय कुठे? ज्याची ओळख नाही त्याच्या दुधाची आणि वयाची काळजी तिनं का करावी? ओळखीची माणसं घातली की गणित आपोआप समजेल! त्यांनी कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी मिळालेला फळा ओसरीच्या बाहेरच्या भिंतीला, उजेड येईल असा टांगला. हिंदी मुलखातली, मदन महालकडची ती गल्ली एवढी अरुंद, की फळ्यावरचं अक्षर समोरच्या घरातल्या चुलीपाशी बसूनही वाचता यावं. हे नारायणरावांच्या ध्यानात आलं नाही. माप घेताना नेमकी तीच एक बाजू राहून गेली.

पेपर हिंदीत येणार म्हणून त्यांनी हिंदीतच लिहिलं: ‘भैयालाल के पास 24 लीटर दूध है. उसने उसमें कुछ पानी मिलाया. पानी, दूध के एक तिहाई से 2 लीटर कम है. पानी कितना?’

भैयालाल म्हणजे गल्लीचा दूधवाला. पद्मजाचा चेहरा उजळला. भैयालालला ती रोज पाहत होती. पण पहिल्या झटक्यात तिनं दोनातून आठ वजा केले आणि उत्तर काढलं उणे सहा.

“उणे सहा लिटर पाणी?” नारायणराव म्हणाले. “म्हणजे भैयालाल काय दुधातून पाणी पिळून काढते? ‘दोन कमी’ लिहिलं तं दोन मागे येतील, समोर नाही. पुन्हा कर. अन् मोठ्यानं बोल, मोठ्यानं बोललं की डोक्यात बसते.”

आता मराठीत गणित ‘समजा’पासून सुरू होतं. समजा म्हटलं की माणसाला सुटायला वाट राहते. पण हिंदी पुस्तकात तेच ‘माना कि’पासून सुरू होतं, आणि ‘माना’ म्हणजे कबूल केलं. पद्मजा खणखणीत आवाजात म्हणाली, “माना कि भैयालाल ने य लीटर पानी मिलाया…”

नेमका त्याच वेळी भैयालाल सायकलला कॅन लटकवून गल्लीत शिरत होता. त्यानं करकचून ब्रेक लावला.

“किसने माना?”

“अरे भैयालाल, कुछ नहीं, बच्ची का गणित है,” नारायणराव हसून म्हणाले. “इसमें पहले मान लेना पड़ता है.”

“काए मान लें बाबूजी? हमने मिलाया ही नहीं!”

“अरे, मान लिया तभी तो हिसाब शुरू होता है!”

“हिसाब शुरू होता है और हमारा धंधा बंद होता है! और ये ‘य’ कौन है?”

“य म्हणजे… मतलब, जो मालूम नहीं है.”

“जब मालूम ही नहीं है, तो फळे पे काहे लिख दिया?”

भैयालालनं ‘फळे’ हा शब्द मराठी घरांना दूध घालता घालता उचलला होता. तेवढ्यात पद्मजा टुणकन उडी मारून ओरडली, “आजोबा, निघालं! छह लीटर!”

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं शब्दांतून समीकरण बरोबर काढलं होतं, आणि तो आनंद तिला सगळ्या गल्लीला सांगायचा होता. गल्लीनंही तो मन लावून ऐकला. समोरची हेमलता पातेलं घेऊन दुधासाठी दारात आली होती, ती पातेल्यासकट थांबली. “सहा लिटर! तरीच मी म्हणते चहा असा काहून लागून राहिला!”

भैयालालनं कुणाच्याही पातेल्यात दूध घातलं नाही. सायकल वळवली आणि तो तसाच निघून गेला.

नारायणरावांनी फळा पुसला. दुधाचा विषय नाजूक आहे एवढं त्यांना उमगलं. वयाचा विषय त्यांना निरुपद्रवी वाटला. समोरच्या ओट्यावर हेमलताची सासू पार्वताबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा त्यांनी लिहिलं: ‘पार्वताबाई की आयु उनकी बहू की आयु के दुगुने से 4 वर्ष कम है. दोनों का योग 80 वर्ष है.’

पद्मजाला आता सूर सापडला होता. “माना कि बहू की आयु य. तो सास दो य माइनस चार. तीन य बराबर चौरासी. बहू अट्ठाईस, सास बावन!”

सासू आणि सून दोघीही एकदम गप्प झाल्या, त्यावरूनच नारायणरावांनी ओळखायला हवं होतं की उत्तर बरोबर आलंय.

“बावन्न?” हेमलताला आधी वाचा फुटली. “आई, तुम्ही तं साठी उलटली म्हणून बादली उचलत नाही! उद्यापासून नळावरच्या दोन बादल्या तुमच्या.”

“अन् तू अठ्ठावीस!” पार्वताबाईंनी सूप आपटलं. “तुया बापानं लग्नात काय सांगितलं होतं? हिशेब लावला तं आज तू चोवीसची पाहिजे!”

नारायणराव धावतच ओसरी उतरले. “अहो बाई, हे मी मनानं बनवलं. तीननं पूर्ण भाग जावा म्हणून घेतले आकडे.”

“तीननं भाग जावा म्हणून माझं वय वाढवता काय, काका?” हेमलता म्हणाली. “माझं अठ्ठावीस पुसा. आईंचं बावन्न राहू द्या.”

“बावन्न पुसा, भाऊ,” पार्वताबाई म्हणाल्या. “अठ्ठावीस राहू द्या.”

“तसं नाही होत ना!” नारायणराव काकुळतीला आले. “दोन्ही एकाच समीकरणातून निघाले. एक मानलं की दुसरं मानावंच लागते.”

दोघींनी बराच वेळ विचार केला. सुनेला आपले चार जोडायचे नव्हते आणि सासूला आपले आठ कमी करायचे नव्हते. शेवटी त्या आयुष्यात प्रथमच एका गोष्टीवर एकमत होऊन घरात गेल्या: नारायणरावांना गणित येत नाही.

इथवरही निभावलं असतं. पण संध्याकाळी पद्मजाची आजी भीमाबाई विहारातून आल्या आणि फळ्याकडे न पाहता नवऱ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

“परवा बुद्धपौर्णिमा आहे, माहीत आहे ना? विहाराची खीर यंदा आपल्याकडे आहे. सगळ्यायले सांगून आली मी. अन् भैयालाल म्हणते, बाबूजीच्या घरी दूध देणार नाही.”

दुसऱ्या दूधवाल्याकडे जावं तर भैयालालचेच मेहुणे आणि साडू साऱ्या भागात दूध घालत होते. अखेर त्यांनी निरोप धाडला आणि भैयालाल हात हलवत, कॅनशिवाय आला.

“जहाँ लिखा था, वहीं लिखिए कि हम पानी नहीं मिलाते,” त्यानं अट घातली.

नारायणरावांनी सुबक अक्षरात लिहिलं: ‘भैयालाल दूध में पानी नहीं मिलाता.’ भैयालाल समाधानानं वाचत होता, तोच रस्त्यानं जाणारा एक अनोळखी माणूस सायकलवरून उतरला. फळा वाचून त्यानं काळजीनं विचारलं, “क्या हुआ? पकड़ा गया क्या?”

“मिटाइए!” भैयालाल ओरडला. “मिटाइए बाबूजी! ऐसे नहीं. कल सबेरे वही बच्ची, सबके सामने, हिसाब करके बोले. पानी शून्य आना चाहिए.”

“तो सीधा लिख देते हैं, माना कि य बराबर शून्य…”

“मानना नहीं है!” भैयालालनं कानांवर हात ठेवले. “मानने से ही तो बिगड़ा है! निकलना चाहिए.”

आता उत्तर आधी माहीत आणि प्रश्न मागाहून शोधायचा, असं उलटं काम नारायणरावांनी नोकरीतही केलं नव्हतं. जेवण होईपर्यंत ते पाटीवर खडू झिजवत बसले.

सकाळी सारी गल्ली फळ्यासमोर जमली. पद्मजानं वाचलं, “भैयालाल के 24 लीटर दूध में कुछ पानी है. पानी के तिगुने में 24 जोड़ें, या पानी के दुगुने में 24 जोड़ें, फल एक ही आता है. पानी कितना?”

“तिगुना?” पार्वताबाई दचकल्या. “काल तं सहाच होतं!”

“म्हणजे अठरा झालं,” हेमलतानं हिशेब केला.

भैयालाल पायरीवर मटकन बसला. “बाबूजी, ये क्या कर रहे हैं?”

“थांब रे, आखिर तक देख!”

“तीन य और चौबीस बराबर दो य और चौबीस,” पद्मजा म्हणाली. “दोनों तरफ से चौबीस हटा दिया.”

“चौबीस तो हमारा दूध था!” भैयालालचा आवाज चिरकला. “दूध ही हटा दिया तो बचा क्या?”

“पाणी,” हेमलता म्हणाली.

लोक हसले. पद्मजानं मात्र कुणाकडे लक्ष दिलं नाही. तिनं दोन य इकडे आणले आणि फळ्यावर मोठं गोल शून्य काढलं. “य बराबर शून्य! पानी शून्य!”

“म्हणजे दूधही काढलं अन् पाणीही शून्य झालं,” पार्वताबाई गोंधळून म्हणाल्या. “मंग हा मापात काय घालून राहिला?”

पण शून्य सगळ्यांना वाचता येत होतं. नारायणरावांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून गल्लीनंही वाजवल्या. भैयालालनं डोळे पुसले, पद्मजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि उद्या पहाटे विहाराचं सगळं दूध आणून देतो असं सर्वांसमोर कबूल केलं.

पौर्णिमेच्या सकाळी भीमाबाईंनी खिरीसाठी मोठं गंज चुलीवर चढवून ठेवलं होतं. भैयालाल शब्दाप्रमाणे आला. दूध घट्ट होतं. ओतताना कॅनच्या काठाला पिवळसर सायीची रेघ राहिली. असं दूध भीमाबाईंनी या गल्लीत राहायला आल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यांनी खुशीनं दुसरं कॅन पुढे ओढलं, तर ते हलकं लागलं. वाकून पाहिलं, तर दूध पार बुडाशी.

“भैयालाल, ये तो कम है!”

भैयालाल सायकलच्या घंटीवरची धूळ पुसू लागला.

“काय झालं?” नारायणराव बाहेर आले. “भैंस बीमार है क्या?”

“नहीं बाबूजी. भैंसें तो सब उतना ही दे रही हैं.”

“फिर दूध कहाँ गया?”

भैयालालनं घंटी आणखी जोरात पुसली. नारायणरावांनी एकदा कॅनात पाहिलं, एकदा भैयालालकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहून ओठ हलवत काहीतरी मनातल्या मनात मांडायला घेतलं. भीमाबाईंना एवढा धीर नव्हता. विहारातली माणसं यायची वेळ झाली होती.

“आता एवढ्यात मी साऱ्यायले खीर कशी पुरवू?” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

भैयालालनं गल्लीच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली. मग तो दोन पावलं पुढे आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “माताजी, थोड़ा पानी डाल लीजिए. आपके हाथ का है, कोई कुछ नहीं बोलेगा.”

भीमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नारायणरावांनी गल्लीकडे पाठ केली आणि ते पाण्याचा तांब्या आणायला आत गेले.