लाल झालेलं समीकरण

झुनिल्दाने गणित कधीच सोडवलं होतं. ते लोकांना दिसावं एवढंच उरलं होतं, आणि तिथंच सकाळपासून गाडं अडलं होतं. वर्गाच्या ऑनलाइन चर्चेत प्राध्यापकांनी बजावलं होतं, दुपारपर्यंत ज्याचं उत्तर नीट वाचता येईल, तोच असुन्सिओन शहरातल्या गणिताच्या मेळाव्यात बोलेल.

पहिल्यांदा तिने सगळं एका ओळीत टाकलं. कशाला कशाने भागायचं, कुणाला कळेना. मग तिने त्या पानावर अपूर्णांक उभा मांडायच्या खुणा शिकून घेतल्या. वरचं आणि खालचं वेगवेगळ्या महिरपी कंसांत घालायचं. घातलं, आणि चूक दाखवत सगळं समीकरण लालभडक झालं.

"एक कंस बंद करायचा राहिला, आई."

"फाटक उघडं टाकल्यावर कोंबड्या अंगणात राहतात होय गं?" तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यातल्या चहाचा, पेला तिच्या हातात कोंबत तिची आई दोन्या एदुविहिस म्हणाल्या. "लाव कडी, आणि बस पुन्हा."

या खेपेला अपूर्णांक झकास उभा राहिला. पण झुनिल्दाच्या देशात अडीच लिहिताना दोन आणि पाचच्या मध्ये स्वल्पविराम देतात. त्या पानाला सवय टिंबाची. त्याने स्वल्पविरामापुढे ऐसपैस जागा सोडली. वर्गातल्या देर्लिसने लगेच चर्चेत टोमणा मारला, "झुनिल्दा, दोन की पाच? काय ते एक ठरव."

"त्याच्या आईने नवरा ठरवायला अर्धं गाव पालथं घातलं, आणि हा आपल्याला घाई करतोय!"

"जाऊ दे ना आई. कोण एवढं बघतंय?"

"मी बघतेय. रविवारच्या मिस्सेला उसवलेला झगा घालून जातेस का? मग हे कसं जाईल?"

झुनिल्दाने दात-ओठ खाऊन स्वल्पविरामालाही कंसात कोंडलं. जागा मिटली. समीकरण नवरीसारखं सजून पानावर आलं. दोघी बघतच राहिल्या. मग झुनिल्दाचा चेहरा उतरला.

"दुसऱ्या ओळीत वजा हवं होतं गं. इतकं स्वच्छ दिसलं म्हणून आता कळलं."

तोवर देर्लिसलाही कळलं होतं. तो चूक दाखवायला धावला. त्याचं समीकरण लाल झालं. आणखी एकाने लिहिलं, ते पानाच्या कडेबाहेर सांडलं. तिसरीचा तर नुसता कंसांचा ढीग दिसत होता.

दुपारी प्राध्यापकांनी लिहिलं, "चुका सगळ्यांच्याच आहेत. झुनिल्दाची तेवढी वाचता येते. ती बोलेल."

झुनिल्दा उडी मारून उठली. दोन्या एदुविहिसनी खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"नाच नंतर. आधी ते वजा लाव."